विकास अभ्यासाच्या परदेशी पदव्युत्तर पदवीसाठी २५ लाखांचे कर्ज: पगाराचा आणि हप्त्याचा मेळ कसा घालावा?

वाळवेकर

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. समाजशास्त्र घेऊन बी. ए. केल्यानंतर, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत दोन वर्षांहून थोडा अधिक काळ नोकरी करते आहे. हातात दरमहा २२ हजार रुपये येतात. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने विकास अभ्यास या विषयाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सप्टेंबर २०२६ साठी मला प्रवेश देऊ केला आहे. फी, राहणे-खाणे, व्हिसा, तिथला आरोग्य अधिभार आणि विमानप्रवास असा सगळा खर्च ३४ लाखांच्या आसपास जातो. घरून ९ लाख उभे राहतील, उरलेल्या २५ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढावे लागेल.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि सहा वर्षांनी निवृत्त होतील. आमची तीन एकर बागायत आहे आणि गावठाणात आजोबांच्या नावावर घर आहे. बँकेत चौकशी केली तेव्हा शेतजमीन तारण म्हणून चालणार नाही असे सांगण्यात आले, त्याचे कारण मात्र नीट समजले नाही.

दुसरा पर्याय देशातलाच आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरासाठी आणि आणखी एका संस्थेसाठी माझी प्रवेशप्रक्रिया सुरू आहे. दोन वर्षांचा सगळा खर्च, आमच्या घरच्या हिशेबाने, ६ लाखांत बसतो. तिसरा पर्याय म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम. ए. करणे, त्यासाठी कर्जाची गरजच पडणार नाही.

सामाजिक शास्त्रांतच पुढे शिकायचे हे माझे ठरलेले आहे, त्याबद्दल मनात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की पुढच्या मिळकतीची आणि कर्जाची तुलना नेमकी कशी करावी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माजी विद्यार्थ्यांचा सरासरी पगार पौंडांत दिलेला आहे. त्याला रुपयांनी गुणले की कर्ज अगदी किरकोळ वाटू लागते, आणि संस्थेतल्या सहकाऱ्यांचे पगार पाहिले की तेच कर्ज छातीवर बसते. या क्षेत्रातल्या, बँकेतल्या किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोणी मार्गदर्शन केले तर फार बरे होईल.

निवृत्त_शाखाधिकारी

सरासरी पगार आणि एकूण कर्ज यांची तुलना तूर्त बाजूला ठेवा. आपल्याकडच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता तुमच्या पगाराकडे पाहत नाही. नोकरी लागो वा न लागो, पगार २५ हजार असो वा दीड लाख, ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम खात्यातून जाते. म्हणून तुलना करायची ती पहिल्या हप्त्याच्या महिन्यात हातात येणाऱ्या पगाराशी, कारण कर्ज थकते ते बहुधा त्याच सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत.

आता तुमचे आकडे घेऊ. व्याजदर ११ टक्के धरतो. प्रत्यक्षात बँकेप्रमाणे आणि तारणाप्रमाणे थोडा कमी-जास्त होईल. अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चालूच राहते. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे मानले तर दोन वर्षांत साडेपाच लाख व्याज साचते आणि ते मुद्दलात मिळवून ३०.५ लाखांवर हप्ता बसतो. १० वर्षांची मुदत घेतली तर दरमहा सुमारे ४२,००० रुपये. १५ वर्षांची घेतली तर सुमारे ३४,७०० रुपये, म्हणजे एकूण भरणा ६२ लाखांच्या पुढे. शिकत असतानाच घरून व्याज भरत राहिलात तर हे साडेपाच लाख मुद्दलात चढत नाहीत, आणि काही बँका अशा वेळी दरात एक टक्क्यापर्यंत सवलतही देतात. मात्र त्यासाठी वडिलांना दरमहा २३ हजारांच्या आसपास भरावे लागतील.

देशातल्या ६ लाखांचा हिशेब असा. दर १० टक्के, निम्मी रक्कम पहिल्या वर्षी आणि निम्मी दुसऱ्या वर्षी उचलली, तर हप्ता सुरू होताना देणे साडेसात लाखांचे असेल आणि १० वर्षांचा हप्ता ९,९०० रुपयांच्या आसपास येईल. नोकरीत असताना मी कर्जदारांना सांगत असे की हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा हप्ता मोठा असू नये. त्या मापाने पहिल्या कर्जाला सव्वा लाखाचा पगार लागतो आणि दुसऱ्याला ३० हजारांचा.

शेतजमिनीविषयी. २००२ च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना दिला, पण त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली आहे. म्हणून बँकेला बिगरशेती प्लॉट, सदनिका, घर किंवा मुदत ठेव हवी असते. राहता राहिले आजोबांचे घर. आजोबा हयात असतील तर ते स्वतः गहाणखत करून देऊ शकतात. नसतील तर आधी वारसनोंद आणि मग सर्व वारसांच्या सह्या लागतील. काका-आत्या यात आल्या की विषय फक्त तुमच्या शिक्षणापुरता राहत नाही, याचा विचार घरात आधीच मोकळेपणाने व्हावा.

देशातल्या शिक्षणासाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मंजुरी मिळाली. राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे पोर्टलवर तपासा. १० लाखांपर्यंतच्या कर्जावरची तीन टक्के व्याजसवलत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. निवृत्तीजवळ आलेल्या शिक्षकाचे उत्पन्न बहुधा त्याच्या वर जाते, त्यामुळे ती धरून चालू नका. परदेशी शिक्षणाला ही योजना लागूच नाही. आयकराच्या ८०ई कलमाखाली आठ वर्षे व्याजाची पूर्ण वजावट मिळते, पण केवळ जुन्या करप्रणालीत.

माणदेशी_वाट

मी महाराष्ट्रातल्या सामाजिक संस्थांमध्ये बरीच वर्षे काम केले आहे आणि नव्या लोकांच्या मुलाखतीही घेत आले आहे, त्यामुळे पगाराच्या बाजूबद्दल लिहिते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा एम. ए. करून येणाऱ्याला जिल्हा पातळीवरच्या संस्थेत २५ ते ४० हजारांच्या दरम्यान सुरुवात मिळताना मी पाहिली आहे. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागात किंवा मुंबई-पुण्यातल्या सल्लागार संस्थांत ती त्याहून चांगली असते. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमामुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि तेव्हापासून हा नोकऱ्यांचा वेगळा प्रवाह तयार झाला. पण तिथे शिरकाव होतो तो मुख्यतः देशातल्या संस्थांच्या परिसर-मुलाखतींमधून आणि माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून. परदेशात एक वर्ष काढून आलेला विद्यार्थी या जाळ्याच्या बाहेरच राहतो.

पगार का वाढत नाहीत, हेही समजून घ्यायला हवे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. तालुक्यात काम करणाऱ्या लहान संस्था मोठ्या संस्थांकडून येणाऱ्या याच पैशावर चालत होत्या. त्यात २०२५ मध्ये परदेशांना विकासमदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही यंत्रणा बंद झाली, आणि ब्रिटननेही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. विकास अभ्यासाची पदवी ज्या आंतरराष्ट्रीय नोकऱ्यांकडे घेऊन जाते, त्या नोकऱ्यांच्या पैशाचा उगमच आटतो आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे सरासरी पगार आधी पदवी घेऊन गेलेल्यांचे असतात, तुम्ही बाहेर पडाल तेव्हाच्या बाजाराचे नव्हेत.

परदेशी पदवीचा उपयोग कुठे होतो हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दिल्लीतल्या देणगीदार संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा आणि पुढे परदेशात पीएच. डी. करायची असेल तर तिचे वजन पडते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागतेच. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, पण कायम पदांची भरती इतकी रखडलेली आहे की पात्र माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. नेटसोबत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पीएच. डी. करताना दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि त्यासाठी कोल्हापूरचे एम. ए. अगदी पुरेसे आहे. हा तिसरा पर्याय तुम्ही दोन ओळींत संपवला आहे, तो इतका हलका नाही.

एक मात्र आवर्जून सांगते. मुलाखतीत मी सर्वांत आधी हे पाहते की उमेदवाराला घरोघरच्या पाहणीतली माहिती स्वच्छ करून तिचे विश्लेषण करता येते का, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात चालेल असे टिपण मराठीत लिहिता येते का. संख्याशास्त्राचे एखादे सॉफ्टवेअर नीट शिकलेली आणि ऊसतोडीच्या फडावर दोन वर्षे काम केलेली मुलगी कोणत्याही शिक्क्याशिवाय पुढे जाताना मी पाहिली आहे. अभ्यासक्रम निवडताना संशोधनपद्धतीचे किती तास आहेत आणि क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे, हे फीच्या आधी बघा.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये नोकरी करतो आणि दर वर्षी इथे येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या संपर्कात असतो. वर बँकेतल्या काकांनी जो मुद्दा मांडला, त्याची इथली बाजू सांगतो, कारण ‘पदवीचे कर्ज फार मनावर घेऊ नये’ असे इथल्या मित्रमंडळींकडून तुमच्या कानावर नक्की येईल. इथल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी कर्ज मिळते. त्याची परतफेड वार्षिक २१,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर ६ टक्के अशी होते. उत्पन्न त्याखाली असेल तर काहीच भरावे लागत नाही आणि ३० वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. त्याच्यासाठी पगार कमी राहण्याचा धोका बराचसा सरकार उचलते. त्याच वर्गात शेजारी बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याचा धोका मात्र त्याचे वडील आणि आजोबांचे घर उचलतात. त्यामुळे इथल्या कोणाचा सल्ला कितीही मनापासूनचा असला तरी तो आपल्या कर्जाला लागू पडत नाही.

आता नोकरीचे. पदवीनंतर इथे राहून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्तापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे, म्हणजे सप्टेंबर २०२६ ला सुरुवात केलीत तर तुम्ही नव्या नियमात येता. त्यानंतर राहायचे तर कंपनीने किंवा संस्थेने प्रायोजित केलेला कुशल कामगार व्हिसा लागतो. जुलै २०२५ पासून त्याची सर्वसाधारण किमान वार्षिक पगाराची अट ४१,७०० पौंड झाली आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी ती ३३,४०० पौंड आहे. धर्मादाय संस्थांमधल्या सुरुवातीच्या पुष्कळ जागांचा पगार यापेक्षा कमी असतो, आणि लहान संस्था प्रायोजकत्वाचा परवाना घेण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. अर्थशास्त्र आणि आकडेवारीचे चांगले अंग असलेल्यांना सल्लागार कंपन्यांत जागा मिळतात; निव्वळ विकास अभ्यास केलेल्यांना त्या मिळणे बरेच कठीण जाते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. त्यातून किराणा आणि थोडेफार भाडे सुटते, फी सुटत नाही.

ज्यांना १८ महिने पूर्ण पगाराची नोकरी मिळते ते रुपयांतले कर्ज झपाट्याने कमी करतात, हेही मी पाहिले आहे. पण २५ लाखांचे कर्ज काढताना याच शक्यतेवर सगळा भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

तुमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव आहे, ही मात्र मोठी जमेची बाजू आहे. ब्रिटिश सरकारच्या चीवनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो तुमचा पूर्ण होत असावा. तिच्यात फी, राहण्याचा खर्च आणि प्रवास येतो. अट अशी की नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. तुमच्या कामाचे स्वरूप पाहता ती अट तुम्हाला जड जाऊ नये. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीचा असतो.

भीमाकाठ

वरचे सगळे हिशेब बरोबर आहेत, तरीही एक गोष्ट मला खटकते. आमच्या सोलापुरात मुलाच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी किंवा परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी घर गहाण पडते, तेव्हा पहिल्या पगाराचा आणि हप्त्याचा असा ताळा कोणी मांडत नाही. मुलगी समाजशास्त्र शिकायला निघाली की लगेच मांडला जातो. अभियांत्रिकी करून २० हजारांवर काम करणारी मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दुसरे असे की, गावातून निघून एका वेगळ्या देशात एक वर्ष स्वतःच्या हिमतीवर राहिलेल्या मुलीला पुढे आयुष्यभर जे मिळत राहते, ते पहिल्या तीन वर्षांच्या पगारात दिसत नाही. माझी बहीण शिष्यवृत्तीवर जाऊन आली. ती आज कमावते फारसे नाही, पण तिच्या शब्दाला घरात, गावात आणि कार्यालयात जे वजन आहे ते मी जवळून पाहतो. ताई, तुम्ही जायलाच हवे असे माझे मत आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

भीमाकाठ, मुलाच्या बाबतीत ताळा मांडला जात नाही ही तुमची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो तिथेही मांडायलाच हवा. अभियांत्रिकीची थकलेली कर्जे मी स्वतः वसूल केली आहेत. पण तुमची बहीण शिष्यवृत्तीवर गेली होती. तिने कमी पगाराचे काम निवडले ते निवडता आले म्हणून. ४२ हजारांचा हप्ता असता तर तिला मिळेल ती जास्त पगाराची नोकरी धरावी लागली असती. वाळवेकरांना ज्या मुलांसाठी काम करायचे आहे, त्या कामातून कर्जच त्यांना बाहेर ओढून नेईल, ही माझी खरी काळजी आहे.

वाळवेकर

सर्वांचे मनापासून आभार. रात्री वडिलांसोबत बसून हे आकडे पुन्हा मांडले. आजोबा हयात आहेत आणि सही करायला तयारही आहेत, पण घरात धाकटे काका राहतात, त्यामुळे घर गहाण टाकणे मला पटत नाही. वडिलांच्या निवृत्तीनंतरही हप्त्याची अनेक वर्षे उरतात, हे आम्ही आधी नीट पाहिलेच नव्हते. संशोधनपद्धतीचे तास तपासले तर ब्रिटनच्या अभ्यासक्रमात त्याचा एकच घटक आहे. मिळालेला प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का आणि त्यासाठी आत्ता अनामत भरावी का? शिवाय चीवनिंगखेरीज आणखी कुठे प्रयत्न करावा?

लीड्सकर

प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती अनेक विद्यापीठे मान्य करतात, पण फीतली सवलत पुढच्या वर्षी कायम राहील का, हे ईमेलने लेखी विचारून घ्या. अनामत परत मिळण्याच्या अटी वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका. पुष्कळ ठिकाणी व्हिसा नाकारला गेला तरच ती परत मिळते. शिष्यवृत्त्यांमध्ये इनलॅक्स पाहा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही १८९२ पासून चालत आलेली निधी-संस्था आहे, पण ती देते ते कर्जरूप साहाय्य, म्हणजे ते फेडायचे असते, एवढे ध्यानात ठेवा. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या आहेत: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची. त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेव्हा तुमचे विद्यापीठ तीत बसते का हे आधी पाहा.

माणदेशी_वाट

तुळजापूरची निवड यादी लागेपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका. प्रवेश झाला तर क्षेत्रकार्यासाठी मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विषय मागून घ्या. आत्तापर्यंत तुम्ही ही मुले सांगलीच्या फडावर पाहिलीत, तिथे त्यांची रिकामी झालेली गावे पाहायला मिळतील. चीवनिंगच्या अर्जात नेतृत्वाच्या अनुभवावर निबंध लिहावा लागतो, त्यासाठी या क्षेत्रकार्यातल्या टिपणांचा उपयोग होईल. तुमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालातला पाहणीचा भाग या वर्षी स्वतः लिहायला मागा आणि त्यावर तुमचे नाव येईल असे बघा. मसुदा झाला की मला संदेश पाठवा, मी वाचून देईन.